भाची मोठी होताना

मामा होण्यासाठी माणसाला काहीही करावे लागत नाही. बहिणीला मूल होते आणि त्या क्षणी आपण जवळ असू वा दूर, जागे असू वा झोपेत, मामा झालेलो असतो. आई-वडिलांनी महिनोन्‌महिने वाट पाहिलेली असते, मनाची आणि घराची तयारी केलेली असते, रात्रीची जागरणे पुढे वाढून ठेवलेली असतात. मामाला मात्र हे नाते आयते मिळते. कष्टाने मिळवलेल्या फार थोड्या गोष्टींनी मला जेवढा आनंद दिला, तेवढा या आयत्या मिळालेल्या नात्याने दिला आहे. माझी भाची आता एकोणीस वर्षांची आहे. तिच्या जन्मापासूनची ही वर्षे आठवताना हा आनंद नेमका कशाचा आहे, याचा नीट शोध घ्यावा असे अलीकडे वारंवार वाटू लागले, म्हणून हा लेख.

मामाच्या वाट्याला नुसते लाड करणे येते, शिस्त लावण्याचे काम आई-वडिलांचे असते आणि मूल रडू लागले की ते आईच्या हाती सोपवून मोकळे होता येते, म्हणून मामा होणे सुखाचे, असे बहुतेक जण म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही, पण एवढ्यावर थांबणे मला कधी पटले नाही. जबाबदारी नसणे हे काही फार मोठे सुख नव्हे. शेजारच्या घरातल्या मुलाचीही आपल्यावर जबाबदारी नसते, म्हणून त्याला पाहून आपल्या मनात काही हलत नाही. खरी गोष्ट अशी आहे की जबाबदारीचा भार कमी असल्यामुळे मामाची नजर मोकळी राहते. ताई मुलीकडे पाहायची तेव्हा तिला मुलगी दिसायचीच, पण त्याबरोबर तिचे वाढलेले नख, कालपासूनचा खोकला, न झालेली झोप आणि उद्याची शाळा हेही सगळे दिसायचे. मला फक्त मुलगी दिसायची. जीव तेवढाच गुंतलेला आणि नजर मात्र मोकळी, असा योग आयुष्यात क्वचित येतो.

शिवाय मी एकाच घरात राहत नव्हतो. कधी दोन महिन्यांनी, कधी पाच-सहा महिन्यांनी भेट व्हायची. रोज पाहणाऱ्याला मूल वाढताना दिसत नाही, ते वाढलेले एके दिवशी लक्षात येते. मला तिची वाढ प्रत्येक भेटीत एकदम, समोर येऊन उभी राहिल्यासारखी दिसत गेली. जन्मतः सुमारे पन्नास सेंटिमीटर असलेले मूल चौथ्या वर्षाच्या आसपास एक मीटर उंच होते, म्हणजे चार वर्षांत दुप्पट. पुस्तकात वाचताना हा नुसता आकडा वाटतो. मागच्या खेपेला दाराच्या कडीपर्यंत हात न पोहोचणारी मुलगी या खेपेला स्वतः दार उघडून समोर उभी असते, तेव्हा तोच आकडा डोळ्यांत भरतो. दूर राहण्याची खंत मला होती आणि अजूनही आहे. पण दूर राहिल्यामुळेच जे दिसले ते जवळ राहून दिसले नसते, हेही तितकेच खरे.

तिला पहिल्यांदा हातात घेतले तेव्हा ती चार दिवसांची होती. नवजात बाळाला साधारण वीस ते तीस सेंटिमीटरवरचेच त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते आणि त्यापलीकडचे सगळे धूसर असते, हे मी आधी वाचून गेलो होतो. कुशीत घेतलेल्या बाळाचे तोंड आणि घेणाऱ्याचा चेहरा यांच्यात जवळपास एवढेच अंतर पडते. म्हणजे त्या वयात बाळाचे जग एका चेहऱ्याएवढे असते, आणि त्या काही मिनिटांपुरते ते माझ्या चेहऱ्याएवढे होते. तिच्या तळव्याला मी बोट टेकवले तर तिने ते मुठीत गच्च धरले. ही जन्मजात प्रतिक्षिप्त क्रिया असते, कोणाचेही बोट असते तरी तिने तसेच धरले असते आणि पाच-सहा महिन्यांनी ती आपोआप नाहीशी होते, हे सगळे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही बोट सोडवून घ्यावेसे वाटेना. कारण माहीत असल्यामुळे आनंदात उणेपणा येतो असे मला कधीच वाटले नाही. उलट एवढ्याशा मुठीत लाखो वर्षांची सवय दडलेली आहे या जाणिवेने तो वाढतो.

पुढच्या भेटीत ती छान हसायची, सहाव्या ते आठव्या आठवड्यादरम्यान मुले माणसांकडे पाहून हसू लागतात तशी. त्यानंतर मात्र कामामुळे जाणे लांबले आणि मी गेलो तेव्हा ती नऊ महिन्यांची झाली होती. मला पाहताच तिचा खालचा ओठ थरथरला, तिने ताईच्या खांद्यात तोंड लपवले आणि मोठ्याने रडू लागली. ताईला वाईट वाटले. ती तिला समजावत राहिली, “अगं, मामा आहे ना तो!” मला त्या रडण्याचे मनापासून कौतुक वाटले. आठ-नऊ महिन्यांच्या सुमारास मुलांना आपली माणसे आणि परकी माणसे यांच्यातला फरक पक्का कळू लागतो, आणि ज्यांच्यावर जीव जडला आहे त्यांना ती घट्ट धरून ठेवतात. त्या दिवशी ती रडली याचा अर्थ आईवर तिचा जीव जडला होता आणि तिची आठवण अजून मला सामावून घेण्याइतकी मोठी झालेली नव्हती. मी समोर न जाता खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात जमिनीवर बसलो आणि तिच्या लाकडी ठोकळ्यांचा मनोरा रचू लागलो. तिच्याकडे पाहिले नाही, बोलावले नाही. बऱ्याच वेळाने ती रांगत आली, मनोऱ्यासमोर बसली, एकदा माझ्याकडे आणि एकदा मनोऱ्याकडे तिने पाहिले आणि हाताच्या एका फटक्यात तो पाडला. मी पुन्हा रचला. तिने पुन्हा पाडला. संध्याकाळपर्यंत ती माझ्या मांडीवर बसलेली होती.

नाते आयते मिळते, पण त्यातली जागा मात्र मिळवावी लागते, हे मला त्या दुपारी कळले. आणि ती एकदाच मिळवून भागत नाही. नऊ महिन्यांच्या मुलीने दिलेली जागा तीन वर्षांच्या मुलीजवळ चालत नाही, आणि तीन वर्षांच्या मुलीने दिलेली जागा तेराव्या वर्षी तर मुळीच चालत नाही. दर काही वर्षांनी जुने नाते संपते, समोर नवे माणूस उभे राहते आणि त्याच्याशी नव्याने ओळख करून घ्यावी लागते. मामा होण्यातला सगळ्यात मोठा आनंद मला यातच दिसतो: एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा पहिली ओळख होण्यात.

तिसऱ्या वर्षी आमचा मुख्य उद्योग लपाछपी हा होता. ती लपायची म्हणजे खोलीच्या अगदी मधोमध उभी राहून दोन्ही तळव्यांनी डोळे घट्ट झाकून घ्यायची. मी सगळी खोली धुंडाळायचो, पडद्यामागे बघायचो, पलंगाखाली वाकायचो, “कुठे गेली बरं ही?” असे मोठ्याने विचारायचो, आणि ती जागच्या जागी आनंदाने थरथरत उभी असायची. बरीच वर्षे मी असे समजत होतो की मला दिसत नाही म्हणजे कोणालाच दिसत नाही, असे त्या वयाच्या मुलांना वाटत असावे. केंब्रिज विद्यापीठातील जेम्स रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने याहून विलक्षण गोष्ट पुढे आणली. डोळे झाकलेल्या लहान मुलांना विचारले, तर आपले डोके, आपले अंग समोरच्याला दिसते आहे हे ती मान्य करतात. पण ‘तू दिसतोस का’ या प्रश्नाला ‘नाही’ म्हणतात. डोळ्याला डोळा भिडल्याशिवाय माणूस दिसला असे ती धरत नाहीत. हे वाचले तेव्हा तिचे ते मधोमध उभे राहणे मला पुन्हा नव्याने आठवले. तिचे काहीच चुकत नव्हते. नजरेला नजर मिळत नाही तोवर आपण एकमेकांना भेटलेलो नसतो, एवढेच तिचे म्हणणे होते, आणि त्यावर मी आजही वाद घालणार नाही.

दोन वर्षांनी हीच मुलगी किती पुढे गेली होती ते सांगतो. ताई काही दिवस परगावी गेली होती आणि मी भाचीसोबत राहायला गेलो होतो. आई परत येईल तेव्हा तिला द्यायला तिने एक मोठे चित्र काढले: घर, घरावर सूर्य, आणि दारात एका ओळीत उभी असलेली आम्ही सगळी, त्यात मी घरापेक्षा उंच. चित्र लपवायचे कुठे, असा प्रश्न आला. मी म्हटले, तुझ्या दप्तरात ठेव. तिने क्षणभर विचार केला आणि चित्राची घडी माझ्या हातात देत म्हणाली, “नको, तुझ्या बॅगेत ठेव. आई आल्यावर माझं दप्तर उघडते, तुझी बॅग नाही उघडत.”

हे वाक्य मी त्या रात्री वहीत उतरवून ठेवले. दुसऱ्या माणसाला काय ठाऊक आहे, तो कुठे बघेल आणि कुठे बघणार नाही, याचा अंदाज बांधता येणे ही माणसाच्या बुद्धीतली फार मोठी पायरी आहे. विमर आणि पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९८३ मध्ये मुलांना एक साधी गोष्ट सांगून ती तपासली होती. एक मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, त्याच्या मागे आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर मुलगा ते कुठे शोधेल? तीन वर्षांची मुले आता चॉकलेट जिथे आहे ते कपाट दाखवतात, कारण त्यांना जे ठाऊक आहे ते सगळ्यांनाच ठाऊक असणार असे त्यांना वाटते. चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास मुले ‘आधीच्या कपाटात’ असे उत्तर देऊ लागतात. दोन भेटींच्या मधल्या काळात कधीतरी माझ्या भाचीच्या मनात दुसऱ्याच्या मनासाठी जागा तयार झाली होती. ती होत असताना मी तिथे नव्हतो. ती झालेली मात्र चित्राच्या घडीच्या रूपाने माझ्या हातात आली.

याच वर्षांतली एक वेगळी गोष्ट मला अधिक विचार करायला लावते. तीन वर्षांची असताना आम्ही तिला पहिल्यांदा समुद्रावर नेले होते. एकामागून एक येणाऱ्या लाटा पाहून ती आधी घाबरली, मग रागावली आणि शेवटी एक हात पुढे करून प्रत्येक लाटेला “थांब! थांब म्हटलं ना!” असे दटावू लागली. लाट मागे फिरली की विजयी मुद्रेने आमच्याकडे बघायची. सहाव्या वर्षी हा प्रसंग तिने मला स्वतः सांगितला, लाटेने तिची चप्पल ओढून नेल्याच्या तपशिलासकट, जो मी विसरलो होतो. दहाव्या वर्षी मी विषय काढला तेव्हा तिला त्यातले काही आठवत नव्हते. आमच्याकडून ऐकलेली गोष्ट म्हणूनच तेवढी ती माहीत होती.

पॅट्रिशिया बावर आणि मरीना लार्किना या संशोधिकांनी मुले तीन वर्षांची असताना त्यांचे आईशी झालेले बोलणे नोंदवून ठेवले आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्यांना त्याच प्रसंगांविषयी विचारले. पाच ते सात वर्षांच्या मुलांना साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहूनही कमी. म्हणजे बालपण आपण सुरुवातीपासूनच विसरलेले नसतो. ते काही काळ आपल्याजवळ असते आणि शाळेच्या पहिल्या काही वर्षांत निसटून जाते. मोठेपणी बहुतेकांची सर्वात जुनी आठवण तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या आधीची नसते.

तिच्या आयुष्यातल्या पहिल्या काही वर्षांचे साक्षीदार त्यामुळे आम्हीच आहोत. ती स्वतः नाही. हे फार मोठे ठेवणे आहे असे मला वाटते. आई-वडिलांच्या आठवणींवर काळजीचा थर असतो. ताईला त्या समुद्राच्या दिवसातले मुख्यतः आठवते ते हे की मुलीला नंतर सर्दी झाली. लाटांना दटावणारी मुलगी शाबूत राहिली ती माझ्याजवळ. ती विचारते तेव्हा मी ती तिला देतो, जशी होती तशी, पदरचे काही न घालता. मुलांना आपल्या लहानपणाच्या गोष्टी ऐकायला आवडतात याचे कारण बहुधा हेच असावे की आपण होतो, हे त्यांना इतरांकडूनच कळू शकते.

आठवण न राहणाऱ्या वयातल्या मुलासाठी जीव ओतून काही करणे यात एक वेगळी श्रीमंती आहे. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा भाऊ थिओ याला ३१ जानेवारी १८९० रोजी मुलगा झाला आणि त्याचे नाव काकाच्याच नावावरून व्हिन्सेंट ठेवले गेले. त्या वेळी सॅं-रेमीच्या मनोरुग्णालयात असलेल्या या काकाने पुतण्यासाठी निळ्या आकाशावर फुललेल्या बदामाच्या फांद्यांचे चित्र काढायला घेतले. ते भावाच्या घरी पोहोचले आणि बाळ त्या फुललेल्या झाडाकडे टक लावून बघते, असे थिओच्या पत्नीने पत्रातून कळवले. मे महिन्यात काका आणि पुतण्याची भेट झाली; जुलैअखेर व्हॅन गॉग गेला, तेव्हा बाळ सहा महिन्यांचे होते. मोठेपणी त्याला काकाचा चेहरा आठवण्याची शक्यताच नव्हती. तो इंजिनीअर झाला, काकाची चित्रे त्याने एकत्र जपली आणि त्याच्याच प्रयत्नांतून १९७३ मध्ये ॲम्स्टरडॅममधले व्हॅन गॉग संग्रहालय उघडले. बदामाच्या फुलांचे ते चित्र आज तिथेच आहे. त्या काकाला पुतण्या मोठा झालेला पाहायला मिळाला नाही, आणि मला माझी भाची एकोणीस वर्षे पाहायला मिळाली. हे भाग्य मी सहज धरत नाही.

मामाने भाच्यांचे नुसते लाडच करावेत असा काही निसर्गाचा नियम नाही. पॅसिफिक महासागरातल्या ट्रोब्रियांड बेटांवरच्या मातृवंशीय समाजाचा मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्की यांनी अभ्यास केला, तेव्हा तिथे अधिकार आणि शिस्त मामाकडे असते आणि प्रेमाने खेळवणारा सवंगडी बाप असतो, असे त्यांना आढळले. चीनमधल्या मोसुओ समाजात बहिणीची मुले वाढवण्यात मामाचा मोठा वाटा असतो. याउलट दक्षिण आफ्रिकेकडच्या समाजांविषयी रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये लिहिले, तेव्हा हक्काने मस्ती करावी असा वडीलधारा म्हणजे आईचा भाऊ, असे चित्र त्यांनी रेखाटले. मामा कसा असावा हे माणसांनी जागोजागी वेगवेगळे ठरवले आहे. तो असावा, एवढे मात्र बहुतेकांनी ठरवले. सारा ब्लॅफर हर्डी या मानववंशशास्त्रज्ञ तर असे मांडतात की माणसाचे मूल इतके दीर्घकाळ परावलंबी असते, की आईखेरीज इतरांच्या हातभाराशिवाय आपली जात तगलीच नसती. मामा ही घरातली चैन नव्हे, गरज आहे, असे मला त्यावरून ठामपणे म्हणावेसे वाटते.

माझ्यापुरते मी दोन नियम केले होते. ताईने एखाद्या गोष्टीला ‘नाही’ म्हटले की माझेही ‘नाही’. आईने नाकारलेले मामाकडून मिळते हे मुलाला एकदा कळले, की मामा लाडका होतो पण आई एकटी पडते, आणि बहिणीला एकटे पाडून मिळवलेले लाडकेपण मला नको होते. दुसरा नियम असा की वस्तूंपेक्षा वेळ द्यायचा. भेटवस्तू कोपऱ्यात पडून राहतात हे प्रत्येक घरात दिसते. तिला सायकल शिकवली ती दोन सुट्ट्यांमध्ये. मागून बैठक धरून धावणे, हळूच हात सोडणे, तिने मागे वळून पाहताच तोल जाणे हे सगळे ज्याने सायकल शिकवली त्याला ठाऊक असते. ज्या दिवशी ती मागे वळून न पाहता मैदानाच्या टोकापर्यंत गेली, त्या दिवशी मी मागे धावणे थांबवून नुसता उभा राहिलो. तिकडून वळून ती माझ्या दिशेने येऊ लागली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होते, आणि ते आश्चर्य सांगायला तिला मी समोर हवा होतो.

मग तेरावे वर्ष आले. मधल्या वर्षांविषयी फार लिहीत नाही. दात पडले, नवे आले, पुस्तके बदलली, मैत्रिणी आल्या, सगळे सुरळीत होते. तेराव्या वर्षी मात्र खोलीचे दार बंद राहू लागले. मी आलो की धावत येणारी मुलगी आता बाहेर येऊन “आलास?” एवढेच विचारायची आणि आत जायची. या टप्प्यावर बरेच मामा, काका आणि मावश्या मनातून खट्टू होतात आणि ‘मोठी झाली आता, आमची गरज नाही’ असे म्हणून अंग काढून घेतात. मला वाटते, नेमके याच वेळी तिथे असावे लागते, फक्त वेगळ्या रीतीने. किशोरवयात रात्री झोप येण्याची वेळच शरीराकडून पुढे ढकलली जाते, भावनांचा जोर वाढतो, आणि त्यांना आवर घालणारा मेंदूचा पुढचा भाग पक्व व्हायला विशीची पहिली काही वर्षे उलटावी लागतात. बंद दारामागे एवढे काम चालू असताना बाहेरच्याने दर पाच मिनिटांनी दार ठोठावू नये. ‘अभ्यास कसा चालला आहे’ आणि ‘पुढे काय करणार’ हे दोन प्रश्न मी त्या काळात विचारले नाहीत. ते तिला विचारणारे इतर पुष्कळ होते.

त्याऐवजी रात्रीच्या जेवणानंतर फिरायला जाताना मी फक्त “येतेस?” एवढे विचारायचो. आठवडाभर नकार यायचा आणि एखाद्या दिवशी ती चप्पल पायात घालायची. चालताना एक सोय असते: दोघांची तोंडे रस्त्याकडे असतात, एकमेकांकडे बघावे लागत नाही. डोळे झाकून मधोमध उभी राहणारी मुलगी आता अंधारात माझ्या शेजारून चालत असायची, आणि पुष्कळदा पूर्ण फेरीत एक शब्दही बोलायची नाही. एकदा तिने सांगितले की तिची सर्वात जवळची मैत्रीण आता दुसऱ्या गटात बसते आणि हिच्याशी बोलत नाही. सांगताना आवाज अगदी सपाट होता. मी उपाय सुचवला नाही. दुःख आहे एवढे कबूल केले आणि आणखी एक फेरी मारू असे म्हटले. घराजवळ आल्यावर ती म्हणाली, “आईला सांगू नकोस असं नाही. पण मीच सांगेन.” दुसऱ्या दिवशी तिने सांगितलेही. मामा म्हणून मला मिळालेल्या सगळ्या विश्वासात हा मी सर्वात वर धरतो. घरातला असूनही घराच्या रोजच्या चौकटीबाहेर असलेला एक माणूस मुलांना लागतो, ज्याच्यापुढे वाक्य आधी बोलून बघता येते. तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न असता तर मी त्याच रात्री ताईशी बोललो असतो, आणि हे तिलाही मी सांगून ठेवले होते. बाकी सगळे मात्र तिचे, ती ठरवेल तेव्हा बाहेर येणारे होते.

या सगळ्यात आणखी एक आनंद असा आहे जो आई-वडिलांपैकी कोणालाही मिळू शकत नाही. भाची पंधरा वर्षांची असताना तिचे आणि ताईचे जोरात भांडण झाले. ती एक शब्द न बोलता उठली, पुस्तकांच्या कपाटासमोर जाऊन बसली आणि सगळी पुस्तके खाली काढून उंचीप्रमाणे लावू लागली. मी दारात उभा राहून बघतच राहिलो. ताई त्याच वयाची असताना, रागावली की हेच करायची; पुस्तके काढायची, पुसायची, लहान-मोठी लावायची, आणि शेवटचे पुस्तक जागेवर गेले की राग संपलेला असायचा. मुलीने हे कधी पाहिलेले नव्हते, कारण ताईची ती सवय लग्नाच्या कितीतरी आधी सुटली होती. ताईला स्वतःला ते आठवत नव्हते आणि भावोजींना ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. माझ्या लहानपणीची बहीण, जिला मी कायमची गमावली असे धरून चाललो होतो, ती काही मिनिटे माझ्यासमोर पुस्तके लावत बसलेली होती. त्या रात्री मी दोघींना ते सांगितले. भाचीला आईविषयी इतके नवे काही बऱ्याच दिवसांत ऐकायला मिळाले नव्हते. तिने मग विचारत विचारत मध्यरात्र केली, आणि ताई हसत हसत प्रत्येक गोष्टीवर “असं काही नव्हतं हं” म्हणत बसून राहिली.

आता ती संख्याशास्त्र शिकते आहे आणि आमचे नाते पुन्हा बदलले आहे. पूर्वी मी तिला गोष्टी समजावून सांगायचो. हल्ली ती माझी विधाने तपासते. पुस्तकांच्या त्या प्रसंगाचा विषय परवा फोनवर निघाला, तेव्हा मी म्हटले की यात नवल ते काय, सख्ख्या मामाचा आणि भाचीचा जनुकीय वारसा पंचवीस टक्के सामाईक असतो, जेवढा आजी-आजोबांचा आणि नातवंडांचा असतो तेवढाच. पलीकडून लगेच उत्तर आले, “मामा, पंचवीस ही सरासरी आहे. तू आणि आई सख्खी भावंडं, म्हणजे तुमचं सरासरी निम्मं सारखं; पण २००६ च्या एका अभ्यासात भावंडांच्या जोड्यांमध्ये ते सदतीसपासून बासष्ट टक्क्यांपर्यंत आढळलं होतं. त्यातलं आईकडून माझ्याकडे काय आलं आणि काय नाही, तो पुन्हा वेगळा भाग. सरासरी सगळ्या मामांची असते, तुझी-माझी नसते. आणि पुस्तकं उंचीप्रमाणे लावण्याचं जनुक असतं हे तुला कोणी सांगितलं?”

मी म्हटले, मग आपल्या दोघांचे नेमके किती हे कसे काढायचे? त्यावर तिने एका कागदावर दोन भावंडांची आणि एका मुलीची गुणसूत्रे आडव्या पट्ट्यांनी काढून, निम्म्या पट्ट्या रेघांनी भरून, फोटो पाठवला आहे. खाली तीन प्रश्न आहेत आणि तिसऱ्यापुढे ‘अवघड’ असे लिहिले आहे. आधी स्वतः करून बघायचे, कुठे शोधायचे नाही, अशी अट आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मी काढली आहेत, तिसऱ्यावर विचार चालू आहे, आणि रविवारी सकाळी तिचा फोन येणार आहे.